पिवळी पिशवी, पांढरी पिशवी

खेड्यातल्या दवाखान्यात अंगात कणकण असलेला माणूस औषध मागत नाही, बाटली मागतो. ‘अशक्तपणा आलाय डॉक्टर, एक पिवळी बाटली लावा.’ सलाईनच्या बाटलीत जीवनसत्त्वांचं एक अँप्यूल फोडून सोडलं की पाणी पिवळं होतं. रायबोफ्लेविनचा, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचा तो रंग. उमेदवारीच्या काळात मी अशा किती बाटल्या लावल्या असतील, मोजदाद नाही. त्यांतल्या बहुतेकांचं काम दोन दिवसांची विश्रांती आणि घरचा वरणभात यांवर भागलं असतं. पण बाटलीत रंग दिसला की पेशंटला पैसे वसूल झाल्यासारखे वाटत, आणि समजावत बसण्यापेक्षा बाटली लावणं आम्हालाही सोपं जाई.

तोच पिवळा रंग या पुस्तकाच्या हस्तलिखितात पुन्हा भेटला. न्यू जर्सीतलं एक मराठी घर. फ्रीजचे खालचे दोन कप्पे भाजीसाठी नाहीत, पिशव्यांसाठी राखलेले. लेखिका रोज संध्याकाळी त्यातली एक बाहेर काढून ठेवतात, थंडपणा गेला की हात धुऊन जीवनसत्त्वांची कुपी सिरिंजने तिच्यात सोडतात. दुधासारखी पांढरी पिशवी बघता बघता फिकट पिवळी होते. मग ती नवऱ्याच्या छातीतल्या नळीला जोडायची आणि रात्रभर पंप चालू. आतड्याचा रक्तपुरवठा बंद पडल्यामुळे नवऱ्याचं जवळजवळ सगळं लहान आतडं काढावं लागलं. तोंडाने खाल्लेलं अंगी लागत नाही, म्हणून जेवण शिरेतून. एके वर्षी जीवनसत्त्वांचा तुटवडा आला आणि निरोप मिळाला की कुपी आता आठवड्यातून तीनच. सोमवार, बुधवार, शुक्रवार पिवळी पिशवी. बाकीचे दिवस पांढरी. पहिल्या मंगळवारी नवऱ्याने पिशवीकडे बघून म्हटलं, ‘आज माझा उपास दिसतोय.’

लेखिका स्वतः औषधनिर्माणशास्त्र शिकलेल्या. पांढऱ्या पिशवीचा अर्थ त्यांना नवऱ्यापेक्षा जास्त कळत होता. हे पुस्तक त्या मंगळवारातून निघालं आहे.

आपल्या भाषेत शिरेतून जे जे जातं ते सगळं ‘सलाईन’. मिठाचं पाणी सलाईन, साखरेचं पाणी सलाईन, अँटिबायोटिकची बाटलीही सलाईनच. म्हणून कुणी म्हटलं की ‘तो चार वर्षं सलाईनवर आहे’, तर ऐकणाऱ्याला ते एक तर अतिशयोक्ती वाटतं किंवा मरणपंथाला लागलेल्या माणसाचं वर्णन. प्रत्यक्षात एक लिटर पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये साखर असते पन्नास ग्रॅम. तिच्यातून दोनशे कॅलरीसुद्धा मिळत नाहीत. त्यावर माणूस जगत नाही, फक्त कोरडा पडत नाही. डॉक्टर मंडळी ज्याला टीपीएन म्हणतात, ते संपूर्ण शिरापोषण वेगळं. त्यात प्रथिनांऐवजी सुटी अमिनो आम्लं असतात, दाट साखर असते, तेलाचं दुधाळ मिश्रण असतं. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, फॉस्फेट असतं, बारा-तेरा जीवनसत्त्वं असतात, आणि जस्त, तांबं, सेलेनियम यांसारखी खनिजं चिमटीत धरता येणार नाहीत इतकी थोडी. हे ताट आहे. त्यातला एखादा पदार्थ वाढला गेला नाही तर पेशंटला भूक लागून ते कळत नाही. आठवड्यांनी त्वचा, हृदय किंवा मेंदू ते कळवतो.

शिरेतून जेवू घालण्याची कल्पना जुनी. ख्रिस्तोफर रेन, ज्याने पुढे लंडनचं सेंट पॉल कथीड्रल बांधलं, त्याने 1656 च्या सुमारास पक्ष्याच्या पिसाची पोकळ नळी आणि प्राण्याचं मूत्राशय घेऊन कुत्र्याच्या शिरेत मद्य सोडलं होतं. कुत्रा झिंगला, एवढा निष्कर्ष निघाला. 1832 च्या कॉलऱ्यात स्कॉटलंडमधल्या लीथ इथे टॉमस लाट्टा या डॉक्टरने मरणाच्या दारातल्या रुग्णांना शिरेतून मिठाचं पाणी दिलं. आपलं सलाईन ते हेच. 1930 च्या दशकात रॉबर्ट एल्मनने अमेरिकेत पचवलेली प्रथिनं शिरेतून देऊन दाखवली. पण हातातल्या बारीक शिरेला दाट साखर सोसत नाही, ती सुजून बंद पडते. पातळ करून द्यावं तर इतकं पाणी जातं की माणूस बुडतो. ही कोंडी काही दशकं सुटली नाही.

ती दोन ठिकाणी, दोन तऱ्हांनी सुटली, आणि या विषयातली मुख्य दोन घराणी तिथून सुरू झाली. फिलाडेल्फियात स्टॅन्ली डड्रिक या तरुण सर्जनने जोनाथन ऱ्होड्स यांच्या हाताखाली बीगल जातीची पिल्लं केवळ शिरेतून खाऊ घालून वाढवली. तोंडाने खाणाऱ्या भावंडांइतकीच ती वाढली. युक्ती अशी की नळी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत नेऊन ठेवायची. तिथे रक्ताचा लोंढा एवढा की दाट साखर क्षणात पातळ होते. 1967 मध्ये तिथल्याच मुलांच्या रुग्णालयात, जन्मतः आतडं जवळजवळ नसलेल्या एका मुलीला या पद्धतीने पोसलं गेलं. तिचं वजन वाढलं, डोकं वाढलं. 1968 मध्ये हे काम छापून आलं आणि शस्त्रक्रियेच्या जगातली हवा पालटली. दुसरं घराणं स्वीडनचं. आर्विड व्रेटलिंड यांनी सोयाबीनचं तेल अंड्यातल्या फॉस्फोलिपिडने फेटून असं दूध केलं की ते शिरेत सोसलं जातं. 1962 पासून ते युरोपात वापरात आलं. तेलात कॅलरी दुपटीहून जास्त, म्हणून साखर कमी चालते.

अमेरिकेत मात्र सरकीच्या तेलाचं आधीचं मिश्रण त्रासदायक ठरून 1960 च्या दशकात मागे घेतलं गेलं होतं, आणि स्वीडिश दूध तिथे पोहोचायला 1970 च्या दशकाचा मध्य उजाडला. मधली वर्षं अमेरिकन रुग्ण बिनतेलाच्या पिशवीवर राहिले. त्यांची त्वचा खवल्यांसारखी सुटू लागली, केस गेले, जखमा भरेनात. अत्यावश्यक मेदाम्लांची उणीव मोठ्या माणसात कशी दिसते ते असं कळलं. 1974 मध्ये तर सूर्यफुलाचं तेल अंगाला चोळून ती उणीव भरून निघते का हे पाहिलं गेलं, पुढे करडईच्या तेलाचाही प्रयोग झाला. सोलापूरकडच्या वाचकाला हसू येईल. पण तेव्हा दुसरं हातात नव्हतं, आणि थोडाबहुत गुणही आला होता.

ही गोष्ट मी मुद्दाम लांबवली, कारण या विषयाचा इतिहास अर्धाअधिक उणिवांचाच इतिहास आहे. टोरोंटोत खुर्शीद जीजीभॉय यांनी (हे आडनाव वाचून मुंबईकराला जे. जे. रुग्णालय आठवणारच) 1970 च्या सुमारास एका महिलेला घरी पिशवी लावायला शिकवलं आणि ती त्यावर वीस वर्षं जगली. त्याच जीजीभॉयांच्या एका रुग्णाची साखर काही केल्या आटोक्यात येईना, पाय बधिर पडू लागले. 1977 मध्ये त्यांनी दाखवलं की पिशवीत क्रोमियम नव्हतं. माणसाला क्रोमियम लागत असल्याचा, तेव्हा सबळ मानला गेलेला पुरावा असा, न वाढलेल्या पदार्थातून मिळाला.

इथवरची उणीव अज्ञानाची होती. पुढची उणीव बाजाराची.

1988 मध्ये अमेरिकेत शिरेतून द्यायच्या जीवनसत्त्वांचा तुटवडा पडला. टीपीएनवरच्या तीन रुग्णांच्या रक्तात आम्ल साचत गेलं, कुठल्याही उपायाला दाद देईना, आणि ते दगावले. कारण थायमिन, ब-१. साखर जाळायला थायमिन लागतं. पिशवीतून साखर धो धो येतेय आणि थायमिन नाही, अशा वेळी शरीर ती साखर अर्धवट जाळून लॅक्टिक आम्ल करत राहतं. जाव्यात पॉलिश केलेल्या तांदळावर जगणाऱ्यांना जो बेरीबेरी होई, त्याचंच हे झटपट रूप. नुसत्या थायमिनचं इंजेक्शन तेव्हाही स्वस्त होतं आणि मिळतही होतं. पण बहुजीवनसत्त्वाची कुपी बंद झाली म्हणजे त्यातलं थायमिनही बंद झालं, हे डोक्यात यायला हवं होतं. 1996 च्या अखेरीस पुन्हा तुटवडा आला आणि 1997 मध्ये थायमिनअभावी रक्तात आम्ल साचण्याचा प्रकार पुन्हा घडला. पहिल्या वेळी न कळणं मी समजू शकतो. दुसऱ्या वेळचं नाही.

2010 नंतर तर एकेक पदार्थ पाळीपाळीने गायब होऊ लागला. 2011 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 251 नव्या तुटवड्यांची नोंद केली. त्याच वर्षी अलाबामात, तयार अमिनो आम्लं मिळेनात म्हणून एका औषधशाळेने भुकटीपासून द्रावण बनवायला घेतलं. नळाच्या तोंडाशी असलेला जंतू त्यात गेला. सहा रुग्णालयांतल्या 19 जणांच्या रक्तात जंतुसंसर्ग झाला, 9 दगावले. औषध नव्हतं म्हणून नव्हे, औषध नसताना घाईने बनवलेल्या पर्यायाने. डिसेंबर 2012 मध्ये वॉशिंग्टनमध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या तोंडाभोवती आणि लंगोटाच्या जागी लालभडक चट्टे उठले. जस्ताचं इंजेक्शन देशभर संपलं होतं. 2013 च्या मे महिन्यात नॉर्वेहून सूक्ष्म खनिजं आणि फॉस्फेट आणायला परवानगी मिळाली. 2017 मध्ये मारिया वादळाने प्वेर्तो रिकोतले शिरेतली द्रावणं बनवणारे कारखाने बंद पाडले. 2019 मध्ये ब्रिटनमध्ये नियामकांनी एका उत्पादकाच्या प्रक्रियेवर आक्षेप घेतल्यावर घरी पिशवीवर राहणाऱ्या कित्येकांना रुग्णालयात भरती व्हावं लागलं. सप्टेंबर 2024 मध्ये हेलीन वादळाने नॉर्थ कॅरोलिनातल्या मॅरियनचा एक कारखाना पाण्याखाली गेला, आणि अमेरिकेतल्या शिरेतल्या द्रावणांपैकी साठ टक्के एकटा तो कारखाना पुरवत होता हे त्या दिवशी बऱ्याच डॉक्टरांना पहिल्यांदा कळलं.

कारणं वेगवेगळी दिसतात, पण मुळाशी एकच दुखणं आहे. ही औषधं जुनी, स्वस्त, आणि बनवायला कटकटीची. निर्जंतुक कारखाना चालवायचा खर्च मोठा, नफा चिमूटभर. म्हणून बनवणारे दोन-तीनच उरतात. त्यातल्या एकाच्या कुपीत काचेचा कण सापडला की दुसऱ्याकडे एकदम दुप्पट मागणी जाते, आणि गोदामात महिन्याचाही साठा नसतो, कारण साठा ठेवणं हल्ली गलथानपणाचं लक्षण मानतात. आपल्या आज्या तांदूळ वर्षाचा भरत असत. त्यांना व्यवस्थापन येत नव्हतं असं मला वाटत नाही.

तुटवड्याला तोंड कसं द्यावं याबद्दल ढोबळमानाने तीन मतं आहेत. काटकसरवाल्यांचं मत सर्वांत जुनं आणि माझ्या मते सर्वांत शहाणं. ज्याला तोंडाने किंवा पोटातल्या नळीने खाऊ घालता येतं त्याला शिरेतून देऊच नये. जीवनसत्त्वाची कुपी रोजऐवजी आठवड्यातून तीनदा द्यावी, पण थायमिन आणि फॉलिक आम्ल सुटं, रोज चालू ठेवावं. बाळांसाठीची कुपी मोठ्यांना वापरू नये. साठा आधी कुणासाठी राखायचा हे ठरलेलं असावं: नवजात बाळं, आणि ज्यांना दुसरा मार्गच नाही असे घरचे रुग्ण. ॲस्पेन या अमेरिकन संस्थेच्या सूचना याच वळणाच्या आहेत. पर्यायवाले म्हणतात, परदेशातून आणा, सुटे घटक जमवा, पिशवी घडवा. त्यांचं खरं आहे, पण परदेशी कुपीतली मात्रा वेगळी, एकक वेगळं, आणि रात्रपाळीतला थकलेला माणूस मिलिमोल आणि मिलिग्रॅम यांत घसरतो. अलाबामा ही या मताची काळी बाजू. तिसरे धोरणवाले. कंपन्यांनी तुटवड्याची सूचना आधी द्यावी (अमेरिकेत 2012 च्या कायद्याने ते बंधनकारक झालं), सरकारने राखीव साठा करावा, केवळ स्वस्तात स्वस्त निविदा घेणं थांबवावं, असं ते सांगतात. त्यांचं बरोबर आहे, पण ज्याची पिशवी आज रात्री यायची आहे त्याला त्याचा उपयोग नाही.

या तिघांच्याही हिशेबात क्वचितच धरला जाणारा चौथा घटक म्हणजे रुग्ण आणि घरची माणसं. न्यूयॉर्क राज्यातली ओली फाउंडेशन 1983 मध्ये निघाली, ती क्लॅरेन्स ओल्डनबर्ग या अशाच एका रुग्णाच्या टोपणनावाने. ब्रिटनमध्ये पिंट ही संघटना आहे. तुटवड्यात ‘ओठ फाटताहेत’, ‘जिभेची चव गेली’, ‘चालताना तोल जातो’ हे आधी घरच्यांना दिसतं, तपासणीच्या कागदावर त्यानंतर केव्हातरी.

भारतात चित्र निराळं आहे. आपल्याकडे तीन कप्प्यांची तयार पिशवी बहुतेक मोठ्या रुग्णालयांत मिळते, पण घरी टीपीएनवर राहणारे रुग्ण थोडे. खर्च घरच्यांच्या खिशातून जातो आणि तो महिनोन्‌महिने झेपणारी घरं त्याहून थोडी. आतड्याचं प्रत्यारोपण काही केंद्रांत होऊ लागलं आहे, तोवर माणूस जगवायचा तो याच पिशवीवर. आपल्याकडचा तुटवडा बातमीत येत नाही, कारण त्याला आपण तुटवडा म्हणत नाही.

मी शिकत होतो तेव्हा मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात ‘ऑल-इन-वन’ पिशवी नव्हती. काचेच्या तीन बाटल्या: अमिनो आम्लाची, साखरेची, तेलाची. चिठ्ठी लिहून नातेवाइकाच्या हातात द्यायची, तो समोरच्या मेडिकलमध्ये धावायचा. आतडं पिळून काळं पडलेल्या एका बाईचा मुलगा पाच मेडिकल हिंडून आला. अमिनो आम्लाची बाटली कुठेच नव्हती. मी साखरेची चालू ठेवायला सांगितली. त्या साखरेबरोबर थायमिन द्यायला हवं होतं, ते मी लिहिलं नाही. वॉर्डातल्या कपाटात त्याची अँप्यूल्स होती. बाहेरच्या पेशंटना आम्ही ज्यातून पिवळ्या बाटल्या लावायचो त्याच खोक्यात. बाई वाचल्या, त्यात माझं श्रेय शून्य. या पुस्तकातलं 1988 बद्दलचं पान वाचताना मला ते खोकं दिसत होतं.

आता पुस्तकाबद्दल. लेखिकांनी पाठ्यपुस्तक लिहिलेलं नाही, आणि घरातल्या आजारपणाची रोजनिशीही नाही. त्यांनी जे केलं आहे त्याला मराठीत एक नेमका शब्द आधीपासून आहे: टंचाई आराखडा. आपल्याकडे जिल्हा प्रशासन ऑक्टोबरपासून जूनपर्यंत तीन टप्प्यांत पाणीटंचाईचा आराखडा करतं. कुठल्या गावाची विहीर कधी आटते, टँकर कुठून भरायचा, कोणती विहीर अधिग्रहित करायची, हे पाणी संपायच्या आधी कागदावर असतं. अंमलबजावणीत हजार चुका काढता येतील, पण मे महिना दरवर्षी येतो हे त्या कागदाने मान्य केलेलं असतं. रुग्णालयं ते मान्य करत नाहीत. दर तुटवडा त्यांना पहिला वाटतो. औषधं बनवणाऱ्यापासून पिशवी जोडणाऱ्या हातापर्यंत प्रत्येकाला टंचाई कशी दिसते, कोणत्या घटकाची उणीव किती दिवसांत बोलू लागते, अदलाबदल करताना कुठे पाय घसरतो, आणि थोडंच असेल तर कुणाला आधी, हे प्रश्न त्या एकामागून एक घेतात. शेवटच्या प्रश्नावर त्या घुटमळतात, आणि ते मला आवडलं. स्वतःच्या फ्रीजमध्ये चार कुप्या जास्तीच्या ठेवल्या तेव्हा त्या कुणाच्या वाट्याच्या होत्या, हे त्या स्वतःला विचारतात आणि उत्तर दिल्याचा आव आणत नाहीत.

एका ठिकाणी माझं त्यांच्याशी जमत नाही. रुग्णसंघटनांवरचा त्यांचा भरवसा मला थोडा जास्त वाटतो. आपसांत कुप्या देणं-घेणं माणुसकीचं असेल, पण फ्रीजबाहेर किती तास राहिलेली कुपी कुणाच्या छातीतल्या नळीत जाते याचा हिशेब तिथे कोणी ठेवत नाही. लेखिकांनी हा मुद्दा टाळलेला नाही, सौम्यपणे मांडला आहे. मी तो कडक मांडला असता.

मराठीत या विषयावर सलग लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नव्हतं. परिभाषेची अडचण लेखिकांनी बिनधास्त सोडवली आहे: जिथे लोक छातीतल्या नळीला ‘सेंट्रल लाईन’ म्हणतात तिथे त्या ‘सेंट्रल लाईन’च लिहितात, आणि तेलाचं मिश्रण फुटून वर पिवळे थेंब तरंगू लागले की ‘पिशवी नासली’ म्हणतात. कुठल्याही घरातल्या माणसाला हे एका वाचनात कळेल, आणि तशी पिशवी लावायची नाही हेही.

वाचकांना दोन विनंत्या. हे पुस्तक वाचून कुणी स्वतःच्या किंवा घरच्याच्या पिशवीत परस्पर काही कमीजास्त करू नये; ते डॉक्टर आणि फार्मासिस्ट यांच्याशी बोलूनच. दुसरी: तुमच्या घरात किंवा वॉर्डात कुणाला टीपीएन चालू असेल तर आज रात्रीच्या पिशवीवरचं लेबल नीट वाचा, त्याचा फोटो काढून ठेवा, आणि उद्याच्या पिशवीवरच्या लेबलाशी ओळीला ओळ लावून बघा. एखादी ओळ गायब असेल तर सकाळची वाट न बघता ड्यूटीवरच्या डॉक्टरांना विचारा.